बोलली की लागते

"अम्माजी, ये आपकी कौन लगती हैं?" डॉक्टरांनी माझ्याकडे बोट दाखवून सासूबाईंना विचारलं.

सासूबाईंनी मान वळवली. मुलांच्या निबंधातली चूक शोधावी तशा त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग आपल्या मराठी वळणाच्या हिंदीत शांतपणे म्हणाल्या, "ये? ये लगती नहीं. बोलेगी तो लगेगी."

डॉक्टरांनी मान डोलावली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. माझा नवरा खुर्चीत चुळबुळला. आणि माझं डोकं फिरलं. लग्न होऊन या घरात आल्यापासून मी या बाईंच्या हाताखाली पुरणपोळीपासून पत्राच्या मायन्यापर्यंत सगळं नव्यानं शिकले, आणि आज एका परक्या माणसासमोर मी त्यांची कुणी लागत नाही? बोलले तर लागेन? म्हणजे गोड बोलले तर? उत्तर अगदी ओठांवर आलं होतं. पण समोरची बाई आजारी आहे असं सगळे म्हणत होते, म्हणून गिळलं. गिळलेली उत्तरं मला कधीच पचत नाहीत.

हे सगळं दिवाळीनंतर सुरू झालं. सासूबाई दिल्लीजवळ फरीदाबादला तळमजल्यावरच्या घरात एकट्या राहतात. सासरे तिथल्या एका कारखान्यात होते, तेव्हा घेतलेलं ते घर. स्वतः सासूबाईंनी जन्मभर दिल्लीतल्या एका शाळेत मराठी शिकवलं. सासरे गेल्यावर आम्ही म्हटलं, दिल्लीत आर. के. पुरमला आमच्याकडे या, सरकारी क्वार्टर लहान असलं तरी जागा करू. तर म्हणाल्या, "माझ्या नावाची पाटी माझ्या दारावर आहे, तोवर मी पाहुणी म्हणूनच येईन." आणि खरोखरच पाहुण्यासारख्या यायच्या, पिशवीतून स्वतःचा टॉवेल घेऊन.

भाऊबीज उलटली आणि एक दिवस त्यांना गरगरलं. डोकं दुखलं, उलटी झाली, पडून राहिल्या. पित्त झालं असेल म्हणून आम्हाला कळवलंसुद्धा नाही. त्यानंतर मी गेले तर बाई चहा कपाच्या बाजूला ओततायत. फुलाफुलांचा ट्रे, त्यावर फुलाफुलांचा कप, आणि चहा सगळा ट्रेमध्ये. मी म्हटलं, "अहो आई, लक्ष कुठंय?" तर माझ्यावरच ओरडल्या. चष्मा पलंगावर समोर पडलेला असायचा आणि त्या चादरीवर हात फिरवत तो शोधत बसायच्या. मी स्वयंपाकघराच्या दारात गुपचूप उभी राहिले की विचारायच्या, "कोण आहे?" नवऱ्यानं खुंटीला कोट टांगला होता, तर एकदा कोटालाच म्हणाल्या, "बस ना, उभा का?" नवरा हसला. मग त्याचं हसू तोंडावरच थांबलं.

आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथे त्यांनी भिंतीवरच्या तक्त्यावरची शेवटची, मुंगीएवढ्या अक्षरांची ओळसुद्धा घडाघडा वाचली. एकेक सुटं अक्षर. डॉक्टर म्हणाले, "इनकी आँखें तो मुझसे अच्छी हैं." मग उरलं काय? जे उरलं त्याचं नाव कुणी घेत नव्हतं. शेवटी शेजारच्यांनी या दुसऱ्या डॉक्टरांचं नाव सुचवलं, म्हातारपणी माणसं विसरायला लागतात त्यावर औषध देणारे.

त्या डॉक्टरांनी त्यांना आज वार कोणता, महिना कोणता, असं विचारलं. सासूबाई गप्प. त्यांना राग आला होता हे मला दिसत होतं. त्यांच्या उजव्या कानाची पाळी लाल होते. घरी त्या म्हणाल्याच, "आयुष्यभर मी मुलांना प्रश्न विचारले आणि हा मला वार विचारतो." पण डॉक्टरांना कानाची पाळी कशी कळणार? मग त्यांनी एक चित्र पुढे केलं, बाजाराचं, माणसांनी गजबजलेलं. "क्या दिख रहा है?" सासूबाई म्हणाल्या, "रंग हैं. लकीरें हैं." आणि त्यानंतर तो प्रश्न, मी त्यांची कोण लागते.

निदान झालं. भूलने की बीमारी. आता ही वाढतच जाणार, गोळ्यांनी थोडी हळू वाढेल इतकंच. एकटं ठेवू नका, गॅसजवळ जाऊ देऊ नका. डॉक्टर वाईट नव्हते. हे सगळं त्यांनी हळू आवाजात, हात जोडून सांगितलं.  माझा राग होता तो होताच, पण त्याच्या खाली भीती होती. ही बाई आता आमच्या डोळ्यांदेखत पुसली जाणार, असंच सगळेजण समजून चुकले.

त्याच आठवड्यात फरीदाबादचं घर बंद केलं. नवऱ्यानं सिलिंडर काढून शेजाऱ्यांकडे ठेवला. दाराला कुलूप लावताना सासूबाई पाटीवरून बोटं फिरवत होत्या, नावाचं एकेक अक्षर चाचपडल्यासारखं. पुढच्या महिन्यात घर भाड्यानं द्यायचं असं ठरत होतं. मला ते बघवेना. मी उगाचच पिशव्या मोजत बसले.

आमच्या क्वार्टरमध्ये त्यांचा त्रास वाढला. आता कळतं की का वाढला. आमचं घर म्हणजे छापील कापडांचं दुकान. पडदे बगरू प्रिंटचे, चादरी जयपुरी, सोफ्यावर कच्छी भरतकामाच्या उशा, आणि मी स्वतः बारा महिने फुलाफुलांच्या कुर्त्यांत. दिल्लीत राहून एवढी एकच हौस मी केली होती. त्या घरात सासूबाई एका कोपऱ्यात खुर्ची धरून बसायच्या. उठायच्या तर भिंतीला हात लावून. जेवायला बसलं की बोटांनी ताटात काहीतरी शोधायच्या.

पण मला खरी भीती वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. माझी मुलगी कॉलेजात आहे, जन्मापासून दिल्लीची. तिच्या मराठीला सगळीकडून ठिगळं आहेत. "आजी, मी दूध पिलं" असं ती म्हणाली की आजीचं उत्तर ठरलेलं असायचं, "प्यायले म्हण. पिलं कुत्र्याची असतात." पोरगी मुद्दाम चुकायची, ते ऐकायला. आणि आता ती "दूध पिलं" म्हणाली तरी आजी गप्प. पोरीनं माझ्याकडे पाहिलं आणि आतल्या खोलीत निघून गेली. माझ्या सासूबाई व्याकरणाची चूक सोडतात म्हणजे काय उरलं, असं मला वाटलं, आणि मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

मग एका रविवारी दुपारी गोळ्या संपल्या. मी फोनवरून मागवायला बसले. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं नाव टाकायचं होतं, आणि ते नाव म्हणजे पावसात गांडुळं निघावीत तसं. मी वैतागून म्हटलं, "देवा रे, या माणसाचं अक्षर मुळीच लागत नाहीये."

मुलगी शेजारी बसून नखं रंगवत होती. "मम्मा, लागत नाहीये मतलब? कुठे लागत नाहीये?"

"अगं, अक्षर लागत नाही."

"पण अक्षराला कुठे लागायचंय?"

या पोरांना हा शब्दही माहीत नसावा याचा मला राग आला. मी शिकवायच्या आवेशात सांगायला लागले. "लागत नाही म्हणजे दिसतं सगळं, पण वाचता येत नाही. हे बघ, ही रेघ दिसते, हा गोल दिसतो, हे टिंब. पण कुठली रेघ कुठल्या अक्षराची, तेच कळत नाही. तुकडे आहेत, त्याचं अक्षर होत नाही. आता केमिस्ट हे नाव बोलून दाखवील ना, की मग याच रेघा पटकन अक्षर वाटायला लागतील. बोललं की लागतं…"

आणि मी थांबले. हातातली चिठ्ठी हातात राहिली. बोलेगी तो लगेगी.

"क्या हुआ मम्मा?"

 ज्या बाईनं आयुष्यभर पोरांच्या वह्या तपासल्या, 'तुझं अक्षर लागत नाही' असं लाल शाईनं लिहिलं, ती बाई आपल्याला जे झालंय त्यासाठी दुसरा कुठला शब्द वापरणार होती? आणि तो शब्द तिनं हिंदीत नेला तेव्हा त्याचं नातं झालं. डॉक्टरांनी विचारलं, कोण लागते. त्यांनी सांगितलं, लागत नाही. त्या डोळ्यांचं बोलत होत्या आणि आम्ही सगळे नात्याचं ऐकत होतो. माझा नवराही, दिल्लीत वाढलेला, अक्षर 'लागतं' हे विसरून गेलेला. आणि मी? मी रागावण्यात इतकी गुंतले होते की मला कुठलं ऐकू यायला!

मी आत गेले. सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या. मी न बोलता समोर उभी राहिले. त्यांची नजर माझ्यावरून पडद्यावर गेली, पडद्यावरून परत माझ्यावर. अंगावर माझा नेहमीचा फुलांचा कुर्ता, मागे फुलांचा पडदा.

"आई," मी म्हटलं.

"हां, तू होय," त्या लगेच म्हणाल्या.

मी खाली त्यांच्या पायाशी बसले. "आई, मी तुम्हाला लागत नाही म्हणजे नक्की काय होतं?"

त्यांनी माझ्या कुर्त्याच्या बाहीवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "तुकडे दिसतात गं. टिकली दिसते. नाक दिसतं. एक कान दिसतो. फुलं तर ढीगभर दिसतात. पण कान कुणाचा, फूल कशावरचं, ते लागत नाही. मोडी लिहिलेला कागद कुणी पुढे धरावा तसं. तू बोललीस की सगळं जागच्या जागी येऊन बसतं."

"मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की!" उजवी पाळी लाल झाली. "त्या डॉक्टरला स्पष्ट हिंदीत सांगितलं, लगती नहीं म्हणून!"

मला हसू फुटलं. त्यांना कळेना मी का हसतेय. मी त्यांना सांगितलं, हिंदीत त्याचा अर्थ काय झाला, मला काय वाटलं, डॉक्टरांना काय वाटलं. त्यांनी कपाळाला हात लावला. मग त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "मला वाटलं माझं डोकं गेलं. तुम्ही सगळे तसं म्हणताय, म्हणजे गेलंच असेल. वेड्या माणसाला आपण वेडे झालो हे कुठे कळतं? म्हणून गप्प बसले. चुकीचं काही बोललं तर आणखी एक पुरावा."

मी त्यांचे हात धरले. आमच्यात असं हात धरण्याची पद्धत नाही. दोघींनाही जरा अवघडल्यासारखं झालं, पण कुणी सोडवून घेतले नाहीत.

दिल्लीतल्या एका मोठ्या इस्पितळात मेंदूच्या डॉक्टर आहेत, त्यांची वेळ मिळाली ती ऐन जानेवारीतली, सकाळची. आर. के. पुरमहून निघालो तेव्हा रस्ता नव्हताच, नुसतं धुकं. नवरा पुढच्या काचेला नाक लावून गाडी चालवत होता. मध्येच दोन लाल ठिपके दिसायचे, मध्येच एक पिवळा. "काही समजत नाही यार, काय गाडी आहे, काय खांब," तो पुटपुटला.

मागून सासूबाई म्हणाल्या, "ते दोन लाल दिवे बघ. दोन्ही एकदम हलतायत ना? मग ती एकच गाडी. जे बरोबर हलतं ते एकाचं असतं. मी आता असंच ओळखते." मग मागे टेकून म्हणाल्या, "आज तुम्हा सगळ्यांची माझ्यासारखीच गत झालीय. बरं वाटलं."

गाडीत कितीतरी दिवसांनी सगळे हसलो.

या वेळी दुभाषी मी होते. नवऱ्याला मी सांगून ठेवलं होतं, तू एक शब्द बोलायचा नाहीस. डॉक्टरबाईंना मी आधी तो शब्द समजावला, लागणं म्हणजे काय. त्या मन लावून ऐकत होत्या. मग त्यांनी एक कागद काढला. त्यावर किटली, कात्री, कुलूप अशा चार-पाच वस्तूंची नुसत्या रेघांची चित्रं एकमेकांवर काढलेली होती. आपल्याला क्षणात दिसतं, ही किटली आणि ही कात्री. सासूबाई म्हणाल्या, "जाळं आहे." मग डॉक्टरबाईंनी तीच चित्रं दाखवली, पण प्रत्येक वस्तू वेगळ्या रंगात. सासूबाईंनी धडाधड नावं घेतली, आणि वर म्हणाल्या, "कात्रीचं एक पातं आखूड काढलंय." डॉक्टरबाई हसल्या आणि म्हणाल्या, "बिल्कुल सही."

वार, महिना, पाठांतर, उलटे आकडे, सगळं झालं. या वेळी सासूबाईंनी उत्तरं दिली, कारण मी आधीच बजावलं होतं की हा अपमान नसून परीक्षा आहे. परीक्षा म्हटल्यावर त्यांना पहिलं यायचंच असतं. मग डोक्याचा फोटो झाला आणि तो बघून डॉक्टरबाईंनी आम्हाला समोर बसवलं.

त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. आपल्याला वाटतं डोळे उघडले की समोर खुर्ची दिसते, माणूस दिसतं. तसं नसतं. डोळ्यांतून आत जातो तो नुसता कच्चा माल: कडा, रंग, उजेड, हालचाल. मेंदूच्या मागच्या भागात त्याची जुळवाजुळव होते. ही कड त्या रंगाची, हे दोन रंग एकत्र हलले म्हणजे एकाचे, ही रेघ मध्ये लपली तरी पुढे तीच आहे. हे काम इतक्या झटक्यात होतं की कुणी ते करतंय याची आपल्याला गंधवार्ताही नसते. दिवाळीनंतर सासूबाईंना गरगरलं तेव्हा तिथे रक्ताची एक बारीक गुठळी अडकली होती. माल नीट येत होता, आठवणींचं कोठारही शाबूत होतं. मधला जुळवणारा तेवढा जखमी झाला होता.

"और याददाश्त?" नवऱ्यानं विचारलं. न बोलण्याचं वचन मोडून.

"याददाश्त एकदम ठीक है. वो वाली बीमारी नहीं है. बी. पी. सँभालिए, काफ़ी कुछ सुधरेगा. बाकी ये खुद रास्ते निकाल लेंगी. निकाल ही रही हैं."

माझा जीव भांड्यात पडला. किती दिवस तो वर टांगलेला होता ते तेव्हा कळलं. नवरा उठून बाहेर गेला आणि मी गेले तर बाकावर बसून डोळे पुसत होता. मुलगी फोनवर होती, तिला मी एवढंच म्हटलं, "आजी ठीक आहे," आणि ती पलीकडून इतक्या जोरात किंचाळली की शेजारच्या माणसानं वळून पाहिलं. सासूबाई मात्र पर्समध्ये हात घालून रुमाल शोधत म्हणाल्या, "भूक लागलीय. हे लागणं तरी कळतं ना तुम्हाला?"

धुकं विरलं होतं. कोपर्निकस मार्गावर एका जुन्या सरकारी अतिथिगृहाच्या कॅन्टीनमध्ये मराठी जेवण मिळतं, तिथे गेलो. मुलगीही येऊन पोचली. ताट आलं आणि सासूबाईंची बोटं पुन्हा त्यात चाचपडायला लागली. वाढणाऱ्यानं सगळं कसंही ठेवलं होतं, चटणी भाजीपलीकडे, लिंबू भाताखाली. मी न बोलता त्यांचं ताट ओढलं आणि लावलं. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटीची वाटी. मध्ये भात आणि पोळी.

सासूबाईंनी डावीकडे हात नेला, चटणीवर नेमकं बोट टेकलं आणि चाखलं. मग सरळ जेवायला लागल्या, बाकी आपण जेवतो तशा. डावं-उजवं चुकलं म्हणून नवी नवरी असताना त्यांनी मला पाहुण्यांसमोर सुनावलं होतं. पुढे दिल्लीत आम्ही सगळ्यांनीच ते सोडून दिलं, जिथे जागा दिसेल तिथे वाढायचं. आता आमच्या घरात पुन्हा डावं-उजवं आलंय, आणि मी ते अगदी काटेकोर पाळते.

"आजी, मी ताक पिलं," मुलगी म्हणाली. हळूच, माझ्याकडे बघत.

आमटीभाताचा घास तोंडात असतानाच उत्तर आलं. "प्यायले म्हण. पिलं कुत्र्याची असतात."

मुलीनं ग्लास ठेवला आणि आजीच्या गळ्यात पडली. सगळं कॅन्टीन बघत होतं. बघू दे.

घर भाड्यानं द्यायचं रद्द झालं. आम्ही शनिवार-रविवार फरीदाबादला जाऊन ते घर सासूबाईंच्या नजरेनं लावलं. फुलाफुलांच्या चादरी काढल्या, एकरंगी घातल्या. टेबलावर गडद निळं कापड, त्यावर पांढरे कप. स्टीलच्या डब्यांच्या झाकणांवर रंगीत पट्ट्या: साखरेला लाल, मिठाला हिरवी. खुंटीवर काही टांगायचं नाही, नाहीतर त्याला बसायला सांगतील. सिलिंडर परत आला आणि सासूबाई आपल्या घरी राहायला गेल्या. माझे कुर्ते मी बोचक्यात बांधले आणि साधे, एका रंगाचे शिवून घेतले. नवरा म्हणाला, "शाळेचा युनिफॉर्म वाटतो." मी म्हटलं, "आहेच."

आणि एक नियम मी स्वतःला घालून घेतला: त्यांच्या समोर जाताना लांबूनच आवाज द्यायचा. "आई, मी आले हं." फाटकापासूनच. शेजाऱ्यांना वाटतं ही बाई फार आरडाओरडा करते. करते तर करते. बोलले की लागते ना, मग बोलायला माझं काय जातं? तरी दर वेळी आवाज देताना आत कुठेतरी खुपायचं. एरवी मी त्यांच्यासाठी नाक, कान, टिकली असा सुटा पसारा. डॉक्टरबाईंचं पटलं होतं, त्यात त्यांचा दोष नाही हेही पटलं होतं. पण खुपायचं.

फेब्रुवारी संपत आला तेव्हाची गोष्ट. ऊन छान तापायला लागलं होतं. फरीदाबादच्या त्यांच्या कॉलनीतल्या पार्कमध्ये दुपारी सगळ्या बायका उन्हात बसतात, मटार सोलत, संत्री खात. मी मेट्रोनं गेले. दारावर पाटी होती, दाराला कुलूप. म्हणजे बाई पार्कात. तिकडे वळले तेवढ्यात माझ्या ऑफिसचा फोन आला. पार्कच्या फाटकाशी उभी राहून मी फोन कानाला लावून साहेबांचं ऐकत होते.

सासूबाई समोरच्या बाकावर होत्या. शेजारी त्यांच्या ओळखीची एक पंजाबी बाई, मांडीवर मटारची परात. आजूबाजूला नुसत्या शाली, रंगीबेरंगी, चौकटींच्या, वेलबुट्टीच्या. सासूबाईंनी माझ्या दिशेनं पाहिलं. नजर माझ्यावरून सरकली, झाडावर गेली, परत आली, पुन्हा सरकली. लागले नाही. साहेब फोनवर बोलतच होते. मला हाक मारता येईना. नेहमीचं ते आत खुपलं आणि त्याच भरात मी साहेबांना म्हटलं, "सर, बाद में बात करती हूँ," आणि फोन पर्समध्ये कोंबून तरातरा निघाले.

हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्या बाकावरून म्हणाल्या, "आलीस? लागलीस गं."

मी जागच्या जागी थांबले. "आई, मी तर अजून बोललेही नाही."

"बोलायला कशाला हवं? उजवा खांदा पुढे काढून, कुणाशी तरी भांडायला निघाल्यासारखी या जगात एकच बाई चालते."

माझे डोळे भरून आले. सगळे तुकडे एकदम हलले होते आणि त्यांची मी झाले होते. शेजारच्या बाईनं परात बाजूला सरकवून मला जागा केली, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि दिल्लीच्या रिवाजानुसार विचारलं, "आंटी, ये आपकी कौन लगती हैं?"

सासूबाईंनी माझ्या हातावर सोललेल्या संत्र्याची फोड ठेवली.

"बहू लगती है," त्या म्हणाल्या. "और अब दूर से लगती है."